महागाईचा दर उतरला म्हणजे नेमके काय उतरले?

ऑगस्ट २०२४ मध्ये देशातील बहुतेक वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर एक समाधानाची बातमी दिली. जुलै महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ३.५४ टक्क्यांवर उतरला होता आणि ती जवळजवळ पाच वर्षांतील नीचांकी पातळी होती. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये हाच दर ७.४४ टक्के होता. बातमी खरी होती आणि आकडाही नियमानुसार काढलेला होता. तरीही ती वाचून पिशवी घेऊन मंडईत गेलेल्या गृहिणीचा त्यावर विश्वास बसणे कठीण होते, कारण त्या महिन्यात भाव उतरले नव्हते, चढलेच होते.

हे कसे, ते पाहण्यासाठी दराच्या मागे असलेला निर्देशांक पाहावा लागतो. २०१२ हे पायाभूत वर्ष मानणाऱ्या मालिकेत अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक जुलै २०२२ मध्ये १७३.४ होता, जुलै २०२३ मध्ये १८६.३ आणि जुलै २०२४ मध्ये १९३.०. पहिल्या वर्षातील वाढ ७.४४ टक्के, दुसऱ्या वर्षातील ३.६० टक्के. (बातमीतील ३.५४ हा तात्पुरता आकडा होता. सर्व केंद्रांची माहिती हाती आल्यावर तो ३.६० झाला. या सुधारणेला मात्र पहिल्या पानावर जागा मिळाली नाही.) जुलै २०२३ मध्ये टोमॅटोसह सगळ्या भाज्या कडाडल्या होत्या, जून ते जुलै या एकाच महिन्यात निर्देशांक १८१.० वरून १८६.३ वर उडी मारून गेला होता. पुढच्या वर्षीची तुलना या उंच ओट्यावर उभे राहून झाली, म्हणून वाढ ठेंगणी दिसली. अर्थतज्ज्ञ याला 'पायाचा परिणाम' म्हणतात. प्रत्यक्षात जून २०२४ मध्ये १९०.२ असलेला निर्देशांक जुलैमध्ये १९३ वर पोहोचला होता, म्हणजे एका महिन्यात सुमारे दीड टक्का वाढ. पाच वर्षांतील नीचांकी दराची बातमी आणि महिन्याभरात महागलेली भाजी, दोन्ही एकाच वेळी खरे होते.

आकडा खरा, अनुभवही खरा, आणि तरीही दोघांचे पटत नाही. अशा वेळी सामान्य माणूस अनुभवाच्या बाजूने उभा राहतो आणि 'सरकारी आकडे असेच असतात' असे म्हणून पान उलटतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयांपुढील आजचा खरा प्रश्न हाच आहे. आकडे गोळा करण्याचे शास्त्र त्यांना अवगत आहे. ते आकडे वाचण्याची सवय लोकांना कशी लावावी, याचे शास्त्र अजून घडते आहे.

एका शब्दाचा घोटाळा

मराठी वाचकाच्या बाबतीत गोंधळाचा आरंभ भाषेपासूनच होतो. 'महागाई' हा शब्द बोलीत एक स्थिती दाखवतो: वस्तू महाग असणे. 'महागाई कमी झाली' याचा घरगुती अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असाच होतो. अर्थशास्त्रात मात्र हाच शब्द भाव वाढण्याच्या वेगासाठी वापरला जातो. सांख्यिकी मंत्रालयाचे प्रसिद्धिपत्रक इंग्रजीत व हिंदीत निघते. संध्याकाळच्या घाईत वृत्तपत्राच्या कार्यालयात त्याचे मराठी होते आणि 'महागाईचा दर घटला' या वाक्यातील 'दर' हा शब्द मथळ्यात जागा नाही म्हणून गळतो. उरते ते 'महागाई घटली'. एका शब्दाच्या गळतीने वाक्याचा अर्थच फिरतो.

घाट चढणारी एस.टी. वळणावर वेग कमी करते, म्हणून ती घाट उतरू लागली असे कोणी म्हणत नाही. महागाईचा दर सातावरून साडेतीनावर येणे म्हणजे गाडीचा वेग निम्मा होणे; गाडी अजूनही चढावरच असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हा दर अवघा ०.२५ टक्का नोंदला गेला, त्या मालिकेतील सर्वांत कमी. गाडी जवळजवळ थांबली होती. परंतु ती थांबली होती ती निर्देशांक १९७ च्या उंचीवर. म्हणजे २०१२ साली १०० रुपयांत येणाऱ्या टोपलीला त्या महिन्यातही सुमारे १९७ रुपये पडत होते.

हे सांगण्यासाठी सांख्यिकी कार्यालयाला मोठा खर्च करावा लागत नाही. प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात, दराच्या आकड्याच्या शेजारीच, 'गेल्या वर्षी याच महिन्यात १०० रुपयांना मिळणाऱ्या वस्तूंना यंदा १०३ रुपये ६० पैसे लागले. गेल्या महिन्याच्या तुलनेत भाव दीड टक्क्याने वाढले' असे एक सरळ वाक्य प्रत्येक प्रमुख भारतीय भाषेत घालता येईल. वार्ताहर ते वाक्य जसेच्या तसे उचलतील. लोकशिक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणून या एका वाक्याला अग्रक्रम द्यावा लागेल. बाकीचे उपक्रम त्यानंतरचे.

या बाबतीत महाराष्ट्राचे एक उदाहरण अभिमानाने सांगता येते. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' मराठीतही प्रसिद्ध करते. सकल राज्य उत्पन्न, दरडोई उत्पन्न, पीकपाणी, पटनोंदणी असे सगळे विषय मराठी परिभाषेत तेथे वाचायला मिळतात. ती परिभाषा काही ठिकाणी जड आहे, हे खरे. पण ती आहे, आणि वर्षानुवर्षे तीच आहे.

चुकलेल्या वाचनाची किंमत

आकड्याचा अर्थ चुकला तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने त्याचे उत्तर रुपयांत देता येते.

समजा, एका निवृत्त शिक्षकाने १० लाख रुपयांची मुदत ठेव पाच वर्षांसाठी ७ टक्के दराने ठेवली आहे आणि दरवर्षी येणाऱ्या ७०,००० रुपये व्याजावर त्याच्या घरखर्चाचा मोठा भाग चालतो. मुद्दल सुरक्षित आहे, व्याज ठरल्याप्रमाणे मिळते आहे. त्याला वाटते की आपण केवळ व्याज खातो आणि मुद्दलाला हात लावत नाही. आता भाव दरवर्षी सरासरी साडेपाच टक्क्यांनी वाढत असतील (जुलै २०२२ ते जुलै २०२४ या दोन वर्षांची सरासरी तेवढीच भरते), तर पाच वर्षांनी परत मिळणाऱ्या १० लाखांत आजच्या सुमारे ७ लाख ६५ हजारांच्याच वस्तू येतील. पाचव्या वर्षाच्या ७०,००० रुपये व्याजाची खरेदीशक्ती आजच्या ५३,५०० रुपयांच्या आसपास असेल. मुद्दलाची खरेदीशक्ती टिकवायची तर पहिल्या वर्षाच्या ७०,००० पैकी ५५,००० रुपये मुद्दलातच घालायला हवेत. खऱ्या अर्थाने खर्चायला उरतात ते १५,०००, आणि तेही प्राप्तिकराचा विचार न करता.

याचा अर्थ मुदत ठेव वाईट असा मुळीच नाही. भावांच्या वाढीतून काहीतरी वर उरते आहे, हेच या गणितातून दिसते. परंतु ज्याला हे गणित माहीत नाही त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. 'महागाई घटली' असे वाचून तो निर्धास्त राहतो आणि वाढत्या खर्चासाठी काही राखून ठेवत नाही. किंवा शेजारच्या कोणी 'बँकेत पैसा झिजतो' असे सांगितले की घाबरून तो ठेव मोडतो आणि दरमहा तीन टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या योजनेत सगळी पुंजी घालतो. दरमहा तीन टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात, आणि कोणताही प्रामाणिक व्यवसाय एवढा परतावा खात्रीने देऊ शकत नाही, हा हिशेबही पुन्हा आकडेसाक्षरतेचाच भाग आहे. शाखेत ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाला या दोन ओळींचा हिशेब कागदावर मांडून दाखवणे कोणत्याही अधिकाऱ्याला पाच मिनिटांत जमण्यासारखे आहे.

जर्मनीतील 'महाग युरो'

लोकांचा अनुभव आणि अधिकृत आकडा यांच्यातील दरीकडे एखाद्या सांख्यिकी कार्यालयाने कसे पाहावे, याचा सर्वांत बोधक दाखला जर्मनीत सापडतो. १ जानेवारी २००२ रोजी तेथे युरोच्या नोटा व नाणी चलनात आली. एका युरोला जवळपास दोन मार्क असा विनिमय होता. काही महिन्यांतच सर्वत्र ओरड सुरू झाली की दुकानदारांनी मार्कांची संख्या तशीच ठेवून पुढे फक्त 'युरो' लिहिले आणि भाव दुप्पट केले. 'महाग' आणि 'युरो' यांचे जर्मन शब्द जोडून 'टॉयरो' असा उपरोधिक शब्द तयार झाला आणि तेथील भाषासंस्थेने तो २००२ सालचा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडलाही. संघराज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचा आकडा मात्र सांगत होता की त्या वर्षीची भाववाढ दीड टक्क्याच्या आसपास आहे.

कार्यालयाला येथे 'लोकांना समजत नाही' असे म्हणून स्वस्थ बसता आले असते. त्याऐवजी लोकांना भाववाढ जास्त का वाटते, हाच अभ्यासाचा विषय झाला. स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक हान्स वोल्फगांग ब्राखिंगर यांनी या कार्यालयाच्या सहकार्याने 'जाणवणाऱ्या भाववाढीचा निर्देशांक' तयार केला. त्यामागील तत्त्व घराघरांत पटण्यासारखे आहे. अधिकृत निर्देशांकात वस्तूला मिळणारा भार तिच्यावर होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात असतो. माणसाच्या मनात मात्र भार ठरतो तो वस्तू किती वेळा विकत घेतली जाते यावर. दूध, पाव, कॉफी, पेट्रोल यांसाठी रोज खिशात हात जातो. धुलाईयंत्र किंवा दूरचित्रवाणी संच दहा वर्षांतून एकदा घेतला जातो, आणि तो स्वस्त झाल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. शिवाय दोन रुपयांची वाढ जेवढी बोचते तेवढी दोन रुपयांची घट सुखावत नाही. हे मानवी स्वभावाचे निरीक्षण डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली शास्त्रीय पद्धतीने मांडले होते, आणि ब्राखिंगर यांनी त्याचाच आधार घेतला. २००२ मध्ये जर्मनीत नेमक्या रोजच्या, किरकोळ वस्तू आणि उपाहारगृहांतील पदार्थ महागले होते. लोक खोटे बोलत नव्हते आणि कार्यालयही खोटे बोलत नव्हते.

या अनुभवानंतर जर्मन कार्यालयाने आपली टोपली लोकांपुढे चित्ररूपाने उघडी केली. एका मोठ्या वर्तुळात प्रत्येक वस्तूला तिच्या भाराएवढी चकती आणि भाव जेवढा चढला तेवढा गडद रंग. ज्याला आकड्यांचे कोष्टक वाचता येत नाही त्यालाही घरभाड्याची चकती केवढी मोठी आणि लोण्याची केवढी लहान, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००७ सालीच 'आपली महागाई आपणच मोजा' या धर्तीचे गणनयंत्र सर्वांसाठी खुले केले होते. कुटुंबाने भाडे, अन्न, प्रवास, इंधन यांवरील आपला खर्च भरला की त्याचा स्वतःचा भाववाढीचा दर निघतो. तेच कार्यालय दरवर्षी टोपलीतील वस्तूंची फेरतपासणी जाहीर करते. २०२४ मध्ये तेलाविना तळणारे 'एअर फ्रायर' आणि जुन्या पद्धतीच्या ध्वनिमुद्रिका आत आल्या, हात निर्जंतुक करण्याचे द्रावण बाहेर गेले. वृत्तपत्रे या यादीवर चवीने लिहितात आणि त्या निमित्ताने निर्देशांक म्हणजे एक टोपली आहे, ही मूळ कल्पना दरवर्षी लाखो लोकांच्या कानांवर पडते.

भारतात रिझर्व्ह बँक २००५ पासून कुटुंबांना भाववाढीबद्दल काय वाटते याची पाहणी करीत आली आहे, आणि कुटुंबांना जाणवणारा दर अधिकृत दराहून सातत्याने बराच वर असतो. पाहणी होते, आकडे प्रसिद्ध होतात. पण ही दरी का पडते, हे त्याच कुटुंबांना उलगडून सांगणारे कोणी नाही. २०१२ च्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ४५.८६ होता आणि आरोग्यावरील खर्चाचा ५.८९. ज्या वृद्ध दांपत्याच्या खर्चातील पाचवा हिस्सा औषधांवर जातो त्यांची टोपली या सरासरी टोपलीसारखी नाही, हे त्यांना कोणी सांगितले तर अधिकृत आकड्यावरचा त्यांचा राग निम्मा कमी होईल. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ या पायावर नवी मालिका आली, तिच्यात २०२३-२४ च्या कुटुंबखर्च पाहणीनुसार अन्नाचा भार ३७ च्या आसपास उतरला आणि ग्रामीण घरभाडेही प्रथमच मोजले जाऊ लागले. अन्नाचा भार का घटला, याची घरोघर पटेल अशी कथा सांगण्याची ती उत्तम संधी होती.

भत्त्याच्या पावतीतील धडा

निर्देशांकाचा सर्वांत जवळचा परिचय ज्यांना असायला हवा असा एक मोठा वर्ग म्हणजे बँक कर्मचारी. त्यांचा महागाई भत्ता दर तिमाहीस औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो. हा निर्देशांक कामगार मंत्रालयाचा श्रम विभाग काढतो, आणि तो वर चर्चिलेल्या निर्देशांकाहून वेगळा आहे. देशातील ८८ केंद्रांतील ३१७ बाजारांतून त्याचे भाव गोळा होतात. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही त्यांतीलच केंद्रे. एका देशात एकाहून अधिक महागाईचे दर कसे, हा प्रश्न येथेच सुटतो: टोपल्या वेगळ्या, म्हणून दर वेगळे.

ऑगस्ट २०२० मध्ये हा निर्देशांक ३३८ होता आणि सप्टेंबरमध्ये तो ११८.१ झाला. ज्यांनी केवळ आकडे पाहिले त्यांना भत्ता कोसळणार असे वाटणे स्वाभाविक होते. घडले होते एवढेच की २००१ चा पाया बदलून २०१६ चा पाया घेतला गेला. नव्या मालिकेला जुनीशी जोडण्यासाठी २.८८ हा जोडगुणक ठरला होता, ११८.१ ला त्याने गुणले की ३४० येतात. फूटपट्टी इंचांची जाऊन सेंटिमीटरची आली म्हणून माणसाची उंची बदलत नाही, तसाच हा प्रकार. गंमत अशी की बँकांत त्यानंतरही काही वर्षे भत्त्याचा हिशेब १९६० च्या पायावर होत राहिला. नव्या आकड्याला २.८८, मग ४.६३, मग ४.९३ असे तीन वेळा गुणून कर्मचारी संघटनांची परिपत्रके आठ-नऊ हजारांच्या घरातील निर्देशांक काढीत असत. ८ मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय करारात २०१६ चा पाया स्वीकारला गेला आणि जुन्या ८,०८८ अंकांच्या जागी १२३.०३ हा आकडा आला. संघटनांच्या ज्या परिपत्रकांनी हा बदल पायरी-पायरीने गुणाकार करून दाखवला, त्यांनी केलेले सांख्यिकी शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा परिणामकारक म्हणावे लागेल, कारण वाचणाऱ्याचे वेतन त्या गुणाकारावर अवलंबून होते.

येथे सांख्यिकी कार्यालयांसाठी एक सूचना दडलेली आहे. सर्वसामान्य 'जनजागृती'पेक्षा ज्या आकड्याशी ज्याचा पैसा बांधलेला आहे तो आकडा त्या माणसाला समजावून देणे अधिक फळते. निवृत्तिवेतनधारकाला निर्देशांक, शेतकऱ्याला पीककापणी प्रयोगातून निघणारे सरासरी उत्पादन (पीकविम्याची भरपाई त्यावर ठरते), कर्जदाराला रेपो दर. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला तेव्हा 'व्याज पाव टक्क्याने घटले' असे म्हटले गेले. वास्तविक ही पाव टक्का-अंकाची घट. मूळ दराच्या मानाने पाहिले तर ती जवळजवळ चार टक्के भरते. टक्के आणि टक्का-अंक यांतील हा भेद पदवीधरांनाही चकवतो. तसाच चढ-उताराचा भेद: ४० रुपयांचा टोमॅटो १२० वर गेला तर वाढ २०० टक्के, आणि पुन्हा ४० वर आला तर घट ६७ टक्के. भाव मूळ जागी परत आलेला असतो, तरी दोन बातम्या वाचणाऱ्याला दोनतृतीयांश वाढ अजून शिल्लक आहे असे वाटते.

शितावरून भाताची परीक्षा

नमुना पाहणीचे सबंध तत्त्व मराठी गृहिणीने एका वाक्प्रचारात कधीच सांगून ठेवले आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी त्याच तत्त्वावर उभी आहे. पण शितावरून परीक्षा तेव्हाच होते, जेव्हा भात नीट ढवळलेला असतो आणि शित कोठूनही उचललेले असते. फक्त वरचे शित पाहिले तर तळाशी लागलेला भात कळत नाही. २०२३-२४ च्या कुटुंबखर्च पाहणीत २,६१,९५३ कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. त्यात निवड झालेल्या घराने दार उघडले नाही, तर त्याच्या जागी दुसरे घर घेऊनही नमुना थोडा बिघडतोच. मोठ्या शहरांतील बंदिस्त वसाहतींत पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला रखवालदार फाटकावरूनच परत पाठवतो, हा नित्याचा अनुभव आहे. सधन घरे अशी निसटली की सरासरी खर्च खाली दिसतो, आणि मग तीच घरे तो आकडा वाचून हसतात.

त्या पाहणीत शहरी भागातील दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. 'शहरात सात हजारांत कोणाचे घर चालते?' असा सूर अनेक ठिकाणी उमटला. आकडा घराचा नव्हता, माणशी होता. चौघांच्या कुटुंबाला तो २८ हजारांच्या घरात जातो. त्यात महानगरांबरोबर लहान गावांची शहरेही होती. सर्व माहिती अहवालात होती. मथळ्यात 'दरडोई' हा शब्द वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो, हे गृहीत धरून कार्यालयाने पहिल्याच ओळीत चौघांच्या कुटुंबाचा आकडा द्यायला हरकत नव्हती.

शाळांच्या वाटेने जाणारे प्रयत्न दीर्घ पल्ल्याचे आहेत. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'शाळेतील जनगणना' या उपक्रमात मुले स्वतःबद्दलची प्रश्नावली भरतात: उंची, घरापासून शाळेपर्यंतचा वेळ, आवडता खेळ. मग आपल्याच वर्गाचे आकडे काढून ते इतर शाळांशी ताडून पाहतात. दक्षिण आफ्रिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे तो पुढे गेला. ज्या मुलाने स्वतः प्रश्नावली भरली, त्याला दुसऱ्याने चुकीची भरली तर काय होते हे वेगळे शिकवावे लागत नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक असलेल्या भारताच्या जनगणनेच्या निमित्ताने आपल्या शाळांतही हे सहज करता येण्यासारखे आहे. महालनोबिस यांचा २९ जून हा जन्मदिवस २००७ पासून 'सांख्यिकी दिन' म्हणून पाळला जातो. पण त्याचे कार्यक्रम बहुधा कार्यालयांच्या सभागृहांतच होतात.

कार्यालयाने बोलायचे केव्हा?

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ साली अधिकृत सांख्यिकीची मूलभूत तत्त्वे स्वीकारली, आणि भारत सरकारने २०१६ मध्ये त्यांना मान्यता दिली. त्यांतील चौथे तत्त्व असे की आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला किंवा गैरवापर झाला तर त्यावर मत देण्याचा सांख्यिकी संस्थांना अधिकार आहे. ब्रिटनमध्ये या अधिकाराचा वापर निर्भीडपणे होतो. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील, हा दावा परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये पुन्हा मांडला, तेव्हा सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी जाहीर पत्र लिहून तो अधिकृत आकड्यांचा उघड गैरवापर असल्याचे कळवले. परत येणारी रक्कम वजा न करता दिलेला तो ढोबळ आकडा होता. असे पत्र वाचणाऱ्या नागरिकाला ढोबळ आणि निव्वळ यांतील फरक कायमचा कळतो. भारतातही सांख्यिकी मंत्रालयाचे 'ई-सांख्यिकी' हे संकेतस्थळ २९ जून २०२४ पासून आकडे एका जागी मोफत देऊ लागले, ही मोठी सोय झाली. कोठार उघडले गेले, पण कोठारातील माल चुकीच्या मापाने विकला जात असताना कोठारपालाने आवाज देण्याची सवय आपल्याकडे अजून रुळायची आहे.

तोपर्यंत ज्या वाचकाला आपला स्वतःचा दर काढून पाहायचा असेल, त्याला एक वही पुरेशी आहे. महिन्याला नेमाने लागणाऱ्या पंधरा-वीस गोष्टी लिहाव्यात: धान्य, डाळ, तेल, दूध, भाजी, गॅस, वीज, औषधे, शाळेचे शुल्क, प्रवास, घरभाडे असल्यास ते. प्रत्येकीपुढे नेहमीचे परिमाण आणि त्या महिन्याचा भाव लिहून गुणाकार करावा आणि बेरीज घ्यावी. बारा महिन्यांनी त्याच महिन्यात परिमाण तेच ठेवून फक्त भाव नवे घालावेत. तेल महाग झाले म्हणून या वर्षी कमी आणले, असे असेल तरी वहीत परिमाण बदलू नये, नाहीतर काटकसर आणि स्वस्ताई यांची गल्लत होते. पहिली बेरीज १८,४०० आणि दुसरी १९,३२० आली तर त्या घराचा दर बरोबर ५ टक्के. दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास अधिकृत दर जाहीर होतो. त्या महिन्याचा आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा आणि दोहोंत अंतर दिसले तर प्रथम कोणत्या वस्तूने ते पाडले आहे, ती ओळ वहीत शोधावी.